तांदळातला खडा कुणी निवडायचा?



बाजारपेठ अपयशी ठरते, म्हणजे नेमकं काय होतं? पुस्तकांत त्याची कारणं दिलेली असतात. एकाच विक्रेत्याची मक्तेदारी झाली की तो मागेल ती किंमत मोजावी लागते. कारखान्याचं काळं पाणी नदीत जातं, पण त्याचा खर्च कारखान्याच्या वहीत कुठेच लिहिलेला नसतो. तो खालच्या गावाच्या विहिरीत उतरतो. रस्त्यावरचा दिवा सगळ्यांनाच हवा असतो आणि वर्गणी द्यायला कुणी पुढे येत नाही. ही कारणं खरी आहेत आणि आपल्या ओळखीची आहेत. मला आज आणखी एका कारणाबद्दल बोलायचं आहे. ते दिसायला साधं आहे. विकणाऱ्याला मालाबद्दल जे ठाऊक असतं, ते घेणाऱ्याला ठाऊक नसतं. बस, एवढंच.

मी अर्थशास्त्राचा जाणकार नव्हे. बी. ए. ला हा विषय दुय्यम होता आणि परीक्षा संपली तशी पुस्तकं रद्दीत गेली. पण शब्दांचा नाद असलेल्या माणसाला बाजारापासून लांब राहता येत नाही. बाजार, सौदा, दलाल, हमाल, दगा, इमान हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आपल्या मराठीत आले आणि इथलेच झाले. दगा आणि इमान हे दोन्ही शब्द बाजाराच्याच गोणीतून यावेत, याचं मला फार दिवस कुतूहल वाटत आलं आहे.

जॉर्ज अकरलॉफ नावाचा एक तरुण अमेरिकन प्राध्यापक १९६७ मध्ये वर्षभरासाठी दिल्लीत आला होता. येण्यापूर्वी त्याने एक लेख एका नामांकित अर्थशास्त्रीय नियतकालिकाकडे धाडला होता. नकाराचं पत्र त्याला इथे भारतातच मिळालं. विषय फार क्षुल्लक आहे, असं संपादकांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या नियतकालिकानेही साधारण तेच कळवलं. तिसऱ्याने वेगळीच हरकत काढली: हे खरं मानलं तर सगळं अर्थशास्त्रच बदलावं लागेल! अखेर १९७० मध्ये चौथ्या ठिकाणी तो लेख छापून आला आणि २००१ मध्ये त्याच्या लेखकाला दोघा सहकाऱ्यांबरोबर नोबेल पुरस्कार मिळाला.

लेख होता जुन्या मोटारींच्या बाजारावर. आतून खराब निघालेल्या मोटारीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात, म्हणजे लिंबू. (आपल्याकडे नव्या कोऱ्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात, लिंबू हेच आपलं संरक्षण, त्याला लेमनचा काय अर्थ लागणार!) मुद्दा असा. जुन्या गाड्यांच्या बाजारात चांगल्या गाड्याही असतात आणि वाईटही. कुठली कशी, ते मालकाला माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं. म्हणून गिऱ्हाईक सावधपणे मधली किंमत देऊ करतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे, त्याला ती किंमत परवडत नाही. तो आपली गाडी घरीच ठेवतो. चांगल्या गाड्या अशा उठून गेल्या की मागे राहिलेल्यांचा दर्जा आणखी खालावतो. गिऱ्हाइकाच्या ते लक्षात येतं आणि तो किंमत आणखी पाडतो. मग उरलेल्यांतले बरेही उठतात. असं होत होत विकायला माणूस आहे, घ्यायला माणूस आहे, खिशात पैसेही आहेत, आणि तरी बाजार मात्र ओस, अशी वेळ येऊ शकते.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढेच आहे. लबाडीचं नुकसान म्हणजे फसलेल्या गिऱ्हाइकाचे बुडालेले पैसे, असं आपण धरून चालतो. अकरलॉफ म्हणतो, ते तर आहेच. पण त्याच्याखेरीज जो प्रामाणिक व्यवहार झाला असता आणि झालाच नाही, तोही त्या नुकसानीत धरा. ते नुकसान कुणाच्याच वहीत सापडत नाही.

आणि याच लेखात, मोटारींचं सगळं सांगून झाल्यावर, भारतातली बाई येते. इथल्या गृहिणीला बाजारातल्या तांदळातून खडे निवडून काढावे लागतात, हे खडे तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे असतात आणि ते मुद्दाम मिसळलेले असतात, असं अकरलॉफने लिहून ठेवलं आहे. पलीकडच्याच वाक्यात तो आपल्या १९६३ च्या निर्यात तपासणी कायद्याचा उल्लेख करतो. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचली आणि मी थबकलो. परदेशी जाणाऱ्या मालाचा दर्जा तपासायला सरकारने यंत्रणा उभी केली, कारण तिथला गिऱ्हाईक माल परत पाठवेल. घरच्या मालासाठीही १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता, नाही असं नाही. पण आमच्या तालुक्याच्या गावात तो कायदा अंमलात आणणारी व्यक्ती म्हणजे माझी अम्मा.

दुपारची नमाज झाली की ती सूप घेऊन ओट्यावर बसायची. शेजारच्या खालाही यायच्या, समोरच्या वाड्यातल्या काकूही यायच्या. रेशनचा तांदूळ पसरायचा, बोटाने एकेक रेघ पुढे ओढायची, खडा दिसला की बाजूला. गप्पा चालू असत, पण नजर सुपावरून हलत नसे. रोजचा अर्धा तास धरा. वर्षाचे झाले १८० तासांवर. खडा म्हणून किलोमागे जे वजन आपण विकत घेत होतो त्याचा हिशेब एखादे वेळी कुणी केलाही असेल. या तासांचा केला नाही. पुढे चाळिशी उलटल्यावर सुईत दोरा ओवता येईना तेव्हा अम्मा म्हणायची, डोळे रेशनच्या दुकानात गेले. आम्ही हसत असू.

श्रीमंत देशात लबाडी नसते असं कुणी समजू नये. पण तिथे मालाच्या खरेपणाची हमी द्यायला बऱ्याच गोष्टी उभ्या राहिल्या आहेत. कंपनीचं नाव, गॅरंटीचं कार्ड, परत घेण्याची पद्धत, ग्राहक न्यायालय, प्रयोगशाळा. या सगळ्याला खर्च येतो आणि तो किमतीत मिसळलेला असतो. गरीब देशात ती हमी नसते. मग तपासणीचं काम ज्याच्या वेळेला किंमत नाही अशाच्या वाट्याला जातं. आणि जिथे डोळ्यांनी तपासता येत नाही तिथे माणूस ती वस्तू घेणंच सोडून देतो.

हा दुसरा प्रकार जास्त घातक आहे. आफ्रिकेतल्या युगांडाचं उदाहरण पाहा. तिथले लहान शेतकरी संकरित बियाणं आणि रासायनिक खत फारसं वापरत नाहीत, हे वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. शेतकरी अडाणी आहे, त्याला प्रशिक्षण द्या, अशी शिबिरं झाली. मग काही अभ्यासकांनी दुकानांतून खत आणि मक्याचं बियाणं विकत आणून प्रयोगशाळेत तपासलं. २०१७ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खतात नत्र सरासरी ३० टक्के कमी निघालं आणि संकरित म्हणून विकलेल्या बियाण्यात अस्सल बी निम्म्याहूनही कमी. त्या अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्याने बरोबर हिशेब केला होता. अशा मालावर पैसे घालणं त्याला परवडत नव्हतं.

आता शेजारच्या टांझानियातली गोष्ट. तिथेही असाच अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. आणि खतात नत्र चांगलं निघालं, ठरल्याप्रमाणे! पण शेतकऱ्यांचा त्यावर विश्वास नव्हता. गोणीत ढेकळं दिसली, रंग जरा वेगळा दिसला की त्यांना भेसळ वाटायची. वास्तविक त्या ढेकळांचा आतल्या नत्राशी काही संबंध नव्हता. म्हणजे दुकानदार खरा, माल खरा, आणि तरी गिऱ्हाईक घेईना. अविश्वासाला एकदा घर मिळालं की त्याला खऱ्या लबाडीचीही गरज उरत नाही. पीक कमी येतं, धान्य कमी पिकतं, आणि आपण म्हणतो की हा देश मागासलेला आहे.

औषधांचं तर बोलायलाच नको. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहा औषधी उत्पादनांपैकी एक निकृष्ट किंवा बनावट असतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे. गोळी सुपात घालून निवडता येत नाही.

कधी कधी लबाडी मुळीच नसते, नुसती माहिती नसते, आणि तेवढ्यानेही बाजार मोडतो. केरळच्या उत्तर किनाऱ्यावरची एका सकाळची नोंद आहे, जानेवारी १९९७ ची. वडकऱ्याच्या बंदरात ११ मच्छीमार तारली घेऊन आले आणि त्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही. मासा काही दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. तो पाण्यात टाकून द्यायचा. त्याच वेळी तिथून १५ किलोमीटरच्या आतल्या दोन बंदरांवर २७ गिऱ्हाइकं मासा मिळाला नाही म्हणून रिकाम्या हाताने परत चालली होती. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने पुढे तिथे मोबाइल फोन आल्यावर काय झालं ते पाहिलं. मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदराला भाव आहे ते विचारू लागले. रोजच्या मासळीतली ५ ते ८ टक्के जी फुकट जात होती, ती जाणं थांबलं. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासा ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागला. दोघांचाही फायदा. त्यासाठी कुणाला जादा मासे पकडावे लागले नाहीत. हे उदाहरण मला आवडतं, पण मी त्यावर फार भाळत नाही. भाव फोनवर कळतो. बियाणं खरं की खोटं, ते फोनवर कळत नाही.

आता कर्जाकडे वळतो. मराठीत ‘पत’ हा शब्द कर्जालाही वापरतात आणि अब्रूलाही, आणि दोन्हीकडे तो अगदी एकाच अर्थाने वापरतात. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने कर्ज मागणारा माणूस हा तांदूळच आहे. त्यात खडा किती, ते त्याला दिसत नाही. गावचा सावकार हा तांदूळ ओळखून असतो. कोण फेडणारा, कुणाच्या घरात दारू आहे, कुणाचा बैल मेला, त्याला सगळं ठाऊक. त्या माहितीच्या जोरावर तो वाटेल ते व्याज लावतो. शहरातून कुणी कमी व्याजाने पैसे द्यायला आला, तर त्याच्याकडे सर्वांत आधी कोण जाईल? ज्याला सावकाराने दारातून परत पाठवलं तो. हेही अकरलॉफने भारताकडे बघूनच लिहिलं आहे.

आपल्या दख्खनला हे काही नवं नव्हतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, आणि पुढे हे लोण पसरलं तेव्हा गावोगावी त्यांनी प्रामुख्याने मागितलं काय, तर कागद. कर्जरोखे आणि खतं मागून घेतली आणि जाळली. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिलं आहे, ते वाचता न येणाऱ्या माणसांचा तो राग होता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, त्यात एक तरतूद अशी होती की शेतकऱ्याचा कर्जरोखा गावच्या निबंधकासमोरच लिहिला जावा. तिसरा माणूस बसवला मध्ये, वाचून दाखवायला. इंग्रज सरकारला उशिरा का होईना, दुखणं कुठे आहे ते कळलं होतं, असं मला वाटतं. इलाज पुरा पडला नाही, ते वेगळं.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती जरा घरची आहे. माझ्या चुलतभावाचं फॅब्रिकेशनचं लहानसं वर्कशॉप आहे. खिडक्यांचे ग्रिल, शटर, लोखंडी जिने. हाताला काम भरपूर, हिशेब चोख. नवं मशीन घ्यायला तो एका बँकेत कर्जासाठी गेला. साहेब सभ्य होते, चहाही दिला. अर्ज वाचला, पत्ता वाचला आणि म्हणाले, “तुमचा एरिया आमच्याकडे बसत नाही.” ‘बसत नाही’ हे क्रियापद किती सोयीचं आहे, पाहा. त्यात कुणीच काही केलेलं नसतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही याची नोंद आहे. काही बँका काही वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र ठरवून तिथे सहजासहजी कर्ज देत नाहीत, असं त्यात म्हटलं आहे.

मी त्या साहेबांना दुष्ट म्हणणार नाही. अकरलॉफच्या त्या लेखात अल्पसंख्याकांच्या नोकऱ्यांबद्दल एक छोटा भाग आहे, तो अमेरिकेतल्या काळ्या लोकांना समोर ठेवून लिहिलेला आहे. माणूस पारखण्याची दुसरी सोय नसली की नोकरी देणारा माणसाचा वंश, वस्ती यांवरून सरासरी काढतो. मनात द्वेष नसला, नुसता नफ्याचा विचार असला तरी तो तसं करतो. आणि याचा परिणाम काय होतो? गरीब वस्तीतल्या शाळेत एखाद्या मुलाने मान मोडून अभ्यास केला, तर त्याचं फळ वस्तीची सरासरी सुधारण्यात जातं, त्याच्या स्वतःच्या हाती काही पडत नाही. मग त्याने अभ्यास का करावा? आमच्या गल्लीतल्या पोरांना हा प्रश्न कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाला विचारावा लागलेला नाही. जुन्या गाडीचा मालक निदान आपली गाडी घरी ठेवू शकतो. माणसाने स्वतःला कुठे ठेवायचं?

चुलतभावाचं मशीन शेवटी आलं ते त्याच्या बायकोच्या बचत गटातून. गटातल्या बाया तिला वीस वर्षं ओळखतात. बँकेच्या फॉर्ममध्ये जी माहिती मावत नाही, ती त्यांच्या तोंडपाठ होती. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडण्याचा उपक्रम सुरू केला, त्यामागे हेच शहाणपण होतं. गल्लीतलं ज्ञान तारण म्हणून वापरायचं.

बाजार की सरकार, असा वाद आपल्याकडे १९९१ पासून चालू आहे आणि दोन्ही बाजूंची भाषणं मला पाठ झाली आहेत. तपासनीस नेमला की तोही विकत घेता येतो, हे खरं. तपासनीस काढून टाकला की ग्रामीण माणूस उघडा पडतो, हेही खरं. मला त्यापेक्षा एक साधा प्रश्न जास्त उपयोगाचा वाटतो. माप कुणाच्या हातात आहे?

दुधाचं बघा. लिटरवर पैसे मिळत होते तोवर पाणी घालणारा शहाणा आणि न घालणारा खुळा ठरत होता. गुजरातेत १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ उभा राहिला. त्यातून घडलेल्या पद्धतीत गावातल्याच केंद्रावर, प्रत्येकाच्या देखत, दुधाची तपासणी आणि फॅटप्रमाणे पैसे ही गोष्ट रुजली. माप उत्पादकांच्याच संस्थेच्या हातात होतं. आज आपल्याकडेही पहाटे डेअरीवरून परतणाऱ्याला लोक “किती लिटर?” असं नंतर विचारतात, आधी विचारतात “फॅट किती लागली?” आणि जिथे यंत्र खरेदी करणाऱ्याचं आणि ते तपासायला कुणी नाही, तिथे त्याच प्रश्नाचं उत्तर देताना माणूस कडवट हसतो. उसाचंही तेच. काटामारी हा शब्द कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही, तो ऊस उत्पादकांनी घडवला आहे. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणू द्या, एवढीच त्यांची जुनी मागणी.

मदिनेच्या बाजारातली एक गोष्ट आम्हाला लहानपणी सांगितली जाई. पैगंबरसाहेब बाजारातून जाताना एका धान्याच्या राशीत हात घालतात. वरून धान्य कोरडं, आत बोटांना ओल लागते. पावसाने भिजलं, असं विक्रेता सांगतो. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्याला विचारलं जातं. लहानपणी या गोष्टीतली नैतिक ताकीद तेवढी कळायची. आता तिच्यातली व्यवहारी बाजू जास्त लक्षात राहते. भिजलेलं धान्य विकू नको, असं त्याला म्हटलेलं नाही. ओलं वर ठेव. त्याचीही काही किंमत येईल, आणि शेजारच्या कोरड्या राशीवाल्याचा धंदा बुडणार नाही.

तांदळातला खडा आता बराच कमी झाला आहे. सॉर्टेक्स यंत्र आलं, ते रंग पाहून खडा बाजूला उडवतं, आणि आमच्या सुना सूप फक्त लग्नकार्यात पाहतात. पण बियाण्याची पिशवी अजून बंदच असते. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात आणि विदर्भात तक्रारींचा ढीग लागला. पंचनामे झाले, बियाणं कायदा १९६६ पासून आहेच. पण बियाणं खोटं निघालं हे कळतं तेव्हा पाऊस पडून गेलेला असतो. त्यानंतर मी पाहतो आहे, आमच्या भागात बऱ्याच घरांत मृगाच्या आधी ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडतात, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतात आणि रोज पाणी शिंपडतात. बियाणं कुठल्या जातीचं, ते यातून कळत नाही. उगवेल की नाही, तेवढं कळतं. सातेक दिवसांनी गुंडाळी सोडून मोड मोजायचे. सत्तर आले तर पेरायचं, त्याच्या थोडे खाली आले तर बी जरा वाढवून टाकायचं, आणि फारच कमी आले तर पिशवी, पावती आणि ते गोणपाट घेऊन दुकानात जायचं, पेरणीच्या आधी.